श्यामच्या आईला पाच मुद्द्यांत बसवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी भाची वही घेऊन आली, नववीत आहे, शाळेतून प्रोजेक्ट दिलाय ‘श्यामची आई : व्यक्तिरेखा’, आणि गाईडमधून उतरवलेले पाच मुद्दे तिने आधीच लिहून ठेवले होते. प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, स्वाभिमानी, संस्कार करणारी. मावशी जरा बघ ना बरोबर आहेत का, म्हणाली. चूक त्यात काहीच नव्हतं, पण मला खरंच वाईट वाटलं, कारण पोरीने साने गुरुजींचं पुस्तक उघडलंच नव्हतं आणि तिला ते उघडायची गरजही पडली नव्हती. मी विचारलं अळणी भाजी कितव्या रात्रीची आहे, तर पुस्तकात प्रकरणांऐवजी रात्री आहेत हेच तिला ठाऊक नाही! म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे या पुस्तकाचे तुकडेच फिरतात. शाळेच्या पुस्तकात एखादा धडा येतो, मग मातृदिनाला व्हॉट्सअ‍ॅपवर तो ‘पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप’ वाला प्रसंग येतो, पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई झोडपून काढते ती गोष्ट येते, पत्रावळ येते, मुक्या कळ्या येतात. प्रत्येक तुकडा सुंदरच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सगळे तुकडे पहिल्या पंचवीस-तीस रात्रींमधलेच असतात आणि तुकड्यात माणूस बदलताना दिसत नाही, तो आहे तिथेच उभा राहतो, देवघरातल्या तसबिरीसारखा. मग आपण म्हणतो आई म्हणजे काय, त्यागमूर्ती. झालं, संपली आई.

आता हेच पुस्तक ओळीने वाचून बघा. साने गुरुजींनी यातल्या बहुतेक रात्री फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत लिहून काढल्या, पुस्तक १९३५ ला आलं, एकूण ४२ रात्री. आश्रमातला मोठा झालेला श्याम मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे सांगणाऱ्याला शेवट माहितीये, ऐकणाऱ्यांना नाही, आणि हे लक्षात ठेवून पहिली रात्र वाचली की अंगावर काटा येतो. पहिली रात्र ‘सावित्रीव्रत’. आई तापाने आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालायला तिला जाता येत नाही म्हणून ती श्यामला सांगते माझ्याऐवजी तू घाल, आणि श्यामला लाज वाटते, पोरं हसतील म्हणून. आजारी आई आणि लाजणारा मुलगा. अख्ख्या पुस्तकाचं बी तिथेच पडलंय. कारण शेवटी आई खरंच जाते तेव्हा हा मुलगा शिकायला लांब असतो, आणि पोचतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं, त्याच्यासाठी राख राहिलेली असते. त्या रात्रीचं नाव ‘भस्ममय मूर्ती’. मी पहिल्यांदा हे सलग वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन पहिली रात्र वाचली होती, आणि मग किती तरी वेळ पुस्तक मिटवलंच नाही.

आणि मधल्या काळात आई बदलते हो. सुरुवातीला ती भरल्या घरातली सून आहे, मग वाटण्या होतात, ते घर सुटतं, स्वतःची झोपडी का होईना पण आपली हवी म्हणून ती अंगावरचं सोनं मोडायला तयार होते. इथपर्यंतची आई आपल्याला माहितीये. पण बत्तिसाव्या रात्रीचं नाव बघा, ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’. इथून पुस्तकाचा विषयच पालटतो. संस्काराच्या गोष्टी मागे पडतात आणि एक घर कर्जात कसं बुडतं ते सुरू होतं. आई नवऱ्याला सांगते जमीन विका पण देणं फेडा. वडील ऐकत नाहीत, खोतांचं घराणं, जमीन विकायची कशी. घरात व्यवहार जिला कळतोय तिच्या हातात काहीच नाही. ही बाई मला सोशिक नाही वाटत, ती भांडते, समजावते, हरते. चौतिसाव्या रात्री वसुलीला आलेला माणूस दारात नको ते बोलतो तेव्हा ती घरातून पुढे येते आणि त्याला सुनावते. आणि मग पुढच्या रात्रींमध्ये तीच बाई दुसऱ्यांकडे मोलाने काम करते, अंगात ताप असताना. सदतिसाव्या रात्री जप्तीची दवंडी पिटली जाते आणि त्यानंतर ती अंथरूण धरते. अळणी भाजी शिजवल्याचं कळल्यावर चुटपुटणारी अठराव्या रात्रीतली आई आणि ही आई एकच आहे, पण सारखी नाहीये.

यात गुरुजींची एक मोठी युक्ती आहे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. या शेवटच्या काळात श्याम बराचसा घरापासून लांब आहे, तो पुढे जे सांगतो त्यातलं बरंच त्याला धाकट्या भावाकडून कळलेलं आहे. म्हणजे आई जसजशी खचत जाते तसतशी ती आपल्या नजरेपासूनही लांब जाते, मुलगा शिकून मोठा होतोय आणि त्याच वेळी तिकडे ती संपतेय. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यात म्हणून वाचणाऱ्याला अपराधी वाटतं, उगाच कोणी गहिवर घातलाय म्हणून नाही.

अजून एक सांगायचंच आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री आई श्यामला सांगते की त्या म्हाताऱ्या दलित बाईच्या डोक्यावर मोळी चढवून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. हे अंघोळीचं वाक्य सांगताना लोक गाळतात, आईला कमीपणा येईल म्हणून. का गाळायचं? तिच्या काळात, तिच्या गावात ती जेवढी पुढे जाऊ शकली तेवढी गेली, तिथे ती थांबली. आणि तिचा मुलगा, म्हणजे खुद्द गुरुजी (श्याम म्हणजे तेच), तिथून पुढे निघाला, मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून त्याने उपोषण केलं. आईला आधीच परिपूर्ण करून टाकलं तर मुलाने केलेली ती पुढची वाटचाल दिसणार कशी?

आचार्य अत्रेंचा १९५३ चा सिनेमा मला याच्यासाठी फार मोलाचा वाटतो, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं म्हणून तर आहेच, पण सिनेमा माणसाला एका जागी बसवून ओळीने दाखवतो हे त्याहून मोठं. थेटरात पानं उलटून पुढे जाता येत नव्हतं. वनमालाबाईंनी पडद्यावर उभी केलेली आई बघताना प्रेक्षक तिच्याबरोबर शेवटापर्यंत जायचा, माझी आजी सांगायची की सिनेमा सुटल्यावर बायका एकमेकींशी न बोलता घरी गेल्या. आता त्याच सिनेमाची फक्त ‘छडी लागे छमछम’ची क्लिप पोरांच्या मोबाईलवर येते, म्हणजे धड्यांनी पुस्तकाचं जे केलं तेच क्लिपांनी सिनेमाचं केलं.

शिक्षकांवर माझा राग नाही, त्यांना अख्खं पुस्तक शिकवायला तास मिळत नाहीत हे मला कळतं, पण प्रश्न तरी बदलता येईल ना. ‘गुणवैशिष्ट्ये लिहा’ ऐवजी ‘दहाव्या रात्रीची आई आणि छत्तिसाव्या रात्रीची आई यांत काय फरक पडला, आणि कशामुळे’ असं विचारा. गाईडमध्ये उत्तर सापडणार नाही, पोरांना वाचावंच लागेल. भाचीला मी हेच करायला लावलंय, सध्या ती एकोणतिसाव्या रात्रीवर आहे आणि तिने वहीतला ‘सोशिक’ हा शब्द आपणहून खोडलाय.

आता तुम्हाला विनंती. गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे २०११ पासून हे लिखाण कॉपीराइटमधून मोकळं आहे, छापायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या रविवारच्या पुरवणीत ओळीने सहा रविवार ३२ ते ३७ या सहा रात्री छापा, एका रविवारी एक. काटछाट करू नका, वर चित्रबित्र नसलं तरी चालेल, आणि अक्षर जरा मोठं ठेवा म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचता येईल.

आपली,
एक नियमित वाचक, चिपळूण