वाइनच्या धोरणात सातबारा कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाइन टुरिझमवर पानभर लेख आला होता, फोटो छान होते, माहितीही बरी होती, पण त्यात जाताजाता असं लिहिलंय की फ्रान्स-इटलीत वाइनची घराणी शेकडो वर्षं टिकतात कारण तिकडे परंपरेची कदर आहे, आणि आपल्याकडे मात्र पुढच्या पिढीला शेतीत रस नाही. हे वाचून राहवेना म्हणून लिहितेय. मी दिंडोरी तालुक्यातली. आजोबांनी थॉमसन ही खायची द्राक्षं लावली, 2001 च्या राज्याच्या धोरणानंतर वडील आणि काकांनी निम्म्या बागेत शिराझ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या जाती लावल्या, आणि आता त्या बागेचं सगळं मीच बघते, छाटणीपासून ते गाडी भरून वायनरीच्या गेटवर ब्रिक्स म्हणजे द्राक्षातली साखर चेक होईपर्यंत. रस नाही हे कुणी ठरवलं? रस भरपूर आहे हो, सातबाऱ्यावर नाव नाही ही अडचण आहे.

आधी तिकडचं बघू. फ्रान्समधलं बर्गंडी घ्या, जगातली सगळ्यात महागडी वाइन जिथली. तिथे क्लो द वूजो नावाची बाग आहे, साधारण 50 हेक्टर, भोवती दगडी भिंत. मठातल्या साधूंनी शेकडो वर्षं ती एकहाती सांभाळली, राज्यक्रांतीत सरकारजमा होऊन विकली गेली, तरी 1889 पर्यंत ती एकाच मालकाकडे होती. आज त्याच भिंतीच्या आत 80 च्या आसपास मालक आहेत! काहींच्या वाट्याला वेलीच्या नुसत्या थोड्या ओळी आहेत, त्यात एखाददुसरं पिंप वाइन होते म्हणजे तीनशे-सहाशे बाटल्या. परंपरेची कदर वगैरे ठीक आहे, पण हे तुकडे आभाळातून पडले नाहीत. नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याने सगळ्या मुलांना समान वाटा दिला, मुलींनाही, बापाला मनात असलं तरी एकालाच सगळं देता येत नाही. आजही तिकडे एक मूल असेल तर निम्मी इस्टेट, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन चतुर्थांश ही मुलांसाठी राखीवच असते, बापाने मृत्युपत्रात काहीही लिहो. म्हणजे आपल्या निफाड-दिंडोरीत जे होतं तेच तिकडे दोनशे वर्षं आधी सुरू झालं.

व्होन-रोमाने गावात ग्रो आडनावाचं घराणं आहे. आज त्या एका घराण्यातून निघालेली चार वेगवेगळी नावं बाजारात आहेत, मिशेल ग्रो, ॲन ग्रो, ए. एफ. ग्रो आणि ग्रो फ्रेर ए सर, म्हणजे ग्रो भाऊ-बहीण. कुणी सख्खे, कुणी चुलत. नवख्या माणसाने दुकानात उभं राहून नेमकी कुणाची बाटली घ्यायची? आपल्याकडे नाही का, एका गावात मिठाईची दोन दुकानं, एकावर 'जुने' आणि शेजारच्यावर 'मूळ', तसंच. पण एक फरक मात्र मला कौतुकाचा वाटतो. वाटण्या झाल्या तरी चौघंही वाइनच करतात, बाग कुणी मोडली नाही, आणि त्यातली दोन नावं बायकांची आहेत.

आता ते टिकवतात कसं, हे लेखात यायला पाहिजे होतं, नेमकं तेच नाही. फ्रान्सने 1970 मध्ये एक कायदा करून शेतजमिनीसाठी कौटुंबिक कंपनीसारखी एक सोय काढली, तिला तिकडे जीएफए म्हणतात. जमीन त्या जीएफएच्या नावावर राहते, मुलांना जमिनीचे तुकडे न मिळता शेअर मिळतात, आणि मुलांपैकी जो किंवा जी खरंच बाग करणार आहे ती व्यक्ती जीएफएकडून जमीन लांब मुदतीच्या कराराने कसायला घेते, 18 वर्षं किंवा त्याहून जास्त, आणि असा लांबचा करार असला तर वारसा करातही सवलत मिळते. पॅरिसला नोकरी करणाऱ्या भावाला दरवर्षी भाड्याचा हिस्सा जातो, बहिणीलाही जातो, कुणी कुणावर उपकार करत नाही आणि बांध काही पडत नाही. एवढं साधं आहे. म्हणजे कागद साधा आहे, घरातली माणसं साधी असतातच असं नाही.

आणि सगळं गोड आहे असंही नाही. तिकडे वारसा कर जमिनीच्या किमतीवर लागतो आणि उत्पन्न मात्र वाइनमधून येतं. बर्गंडीत चांगल्या जमिनीचे भाव इतके चढलेत की कर भरायचा आणि भावंडांचे शेअर विकत घ्यायचे म्हटलं तर दहा वर्षांची वाइन विकून पण भागत नाही. मग येतात अब्जाधीश. क्लो दे लांब्रे ही बाग 2014 मध्ये एलव्हीएमएच या महागड्या ब्रँडवाल्या बड्या कंपनीने घेतली. क्लो द तार ही साडेसात हेक्टरची बाग एका कुटुंबाकडे 1932 पासून होती, 2017 मध्ये ती फ्रान्स्वा पिनोच्या कंपनीकडे गेली. आमच्या गंगापूर धरणाच्या बाजूला काय चाललंय ते बघा म्हणजे कळेल, रिसॉर्ट आणि फार्महाऊसवाले येऊन एकराचा जो आकडा सांगतात तो ऐकल्यावर पुण्या-मुंबईतल्या भावाला बाग म्हणजे वेडेपणा वाटायला लागतो, आणि खरं सांगायचं तर हिशोबाने तो चुकीचा पण नसतो.

इटलीतल्या अँटिनोरींचं नाव लेखात होतं, 1385 पासूनचं घराणं, 26 पिढ्या. बरोबर आहे. पण याच घराण्यात 1980 च्या दशकात भावंडांना वाटा मोकळा करून पाहिजे होता, तेव्हा व्हिटब्रेड या ब्रिटिश बिअर कंपनीला हिस्सा विकावा लागला, आणि तो परत घरात आणायला 1991 उजाडलं. सहाशे वर्षांच्या घराला पण भाऊबंदकी चुकली नाही. शिवाय ज्या पिएरो अँटिनोरींनी हे निभावलं त्यांना तीन मुली, मुलगा नाही. आज थोरली अल्बिएरा अध्यक्ष आहे. आमच्या भागात तीन मुली असलेल्या बागायतदाराला लोक काय विचारतात ते सांगायला नको, 'मग बाग कोण बघणार?'

अमेरिकेतल्या मोंडावी भावांचं तर विचारूच नका. कॅलिफोर्नियात बापाने 1943 मध्ये चार्ल्स क्रुग वायनरी घेतली, रॉबर्ट आणि पीटर दोघं भाऊ ती चालवायचे, आणि 1965 मध्ये रॉबर्टने बायकोला घेतलेल्या एका महागड्या मिंक कोटावरून भांडण हातघाईवर आलं. कोट निमित्त, पैसा कुणी किती उडवायचा हे खरं भांडण. रॉबर्टला घरच्या धंद्यातून बाहेर काढलं, त्याने 1966 मध्ये स्वतःची वायनरी काढली, जगभर नाव केलं, शेअर बाजारात गेला, आणि 2004 मध्ये ती कंपनी कॉन्स्टेलेशन या दारूच्या बड्या कंपनीकडे गेली. मागे राहिलेल्या पीटरच्या घरात मात्र चार्ल्स क्रुग अजून आहे.

आता आपल्याकडे या. एक गोष्ट शहरातल्या वाचकाला माहीत नसते म्हणून सांगते. बर्गंडीत थंडीत वेल झोपते, वर्षातून एकदा छाटणी, आणि आजोबांनी लावलेली वेल नातू छाटतो असं खरंच होतं. आमच्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी काडी तयार करायला, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी फळ धरायला, दोन छाटण्या आणि पीक एकदाच. वेलीला सुट्टी नाही त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत बाग थकते, काढून डॉगरिज या जंगली वेलीच्या नवीन खुंटावर कलम करून परत लावावी लागते. म्हणजे नाशिकच्या वाइनवाल्या घरात पुढच्या पिढीला वेल मिळतच नाही. जमीन मिळते, विहीर मिळते, सोसायटीचं कर्ज मिळतं आणि माहिती मिळते. कुठल्या कोपऱ्यात भुरी हा बुरशीचा रोग आधी येतो, कुठल्या प्लॉटमध्ये चुनखडी आहे, फेब्रुवारीत ऊन वाढलं की कुठल्या ओळीची साखर एकदम पळते आणि आंबटपणा पडतो. वडिलांनी हे सगळं एका डायरीत लिहून ठेवलंय, मधे मधे औषधांच्या बिलांच्या मागे पण. टेबल द्राक्षात मणी फुगवायला जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, वाइनच्या द्राक्षात मणी बारीकच राहू द्यायचा, सालीत रंग आणि चव असते म्हणून. काकांना ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही, त्यांना बारीक मणी बघितला की बाग आजारी वाटायची.

आणि एवढी माहिती असून उपयोग काय, बाग पुढे कुणाच्या नावावर राहील तेच माहीत नाही. आजोबा गेल्यावर खातं सामायिक राहिलं. सामायिक खात्यावर कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या, ड्रिप बदलायचं तर सगळ्यांच्या सह्या, आणि एकाने जरी वाटप मागितलं तर ते द्यावंच लागतं. दहा-अकरा साली वाइनचा माल तुंबला तेव्हा आमच्याशी करार केलेल्या वायनरीने उचल बंद केली, पेमेंट अडकलं, आणि घरात पहिला प्रश्न उठला तो वाटणीचाच. अर्धी शिराझ काकांच्या वाट्याची म्हणून कुऱ्हाड लावून काढली गेली, तिथे आज टोमॅटो आहे. वायनरी गेली, ठीक, दुसरी आली असती, पण बाग परत लावायला तीन वर्षं आणि एकरी लाखांचा मांडव. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, कायदा चांगलाच आहे, पण गावात त्याचा अर्थ काय झालाय तर भाऊबीजेच्या आगेमागे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही. सही नाही केली तर बहीण वाईट, केली तर बागेत राबणारी बहीण उद्या मजूर. यातून तिसरी वाट आपल्या कायद्यात सोपी नाही.

सरकारचं बघा. 2001 चं धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, व्हॅटचा परतावा आला, 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायची का यावर दोन महिने राज्यभर रणकंदन झालं. सगळी चर्चा बाटली कुठे विकायची, कर किती आणि टुरिस्ट किती. बागेची वाटणी झाली तर काय, याच्यावर एक ओळ नाही. उलट 2023 मध्ये बागायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, 10 गुंठ्यांवर आणलं. 10 गुंठ्यांत मांडव उभा राहील हो, पण ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर लावून वळवायला जागा कुठे आहे? मग शेजारच्याच्या, म्हणजे भावाच्याच, बांधावरून वळवा आणि संध्याकाळी भांडा. 2025 मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली, लोकांची सोय झाली हे मान्य, कोर्टकज्जे कमी होतील. पण तोडणं फुकट केलं तसं जोडून ठेवणं पण सोपं करा ना. जमीन कुटुंबाच्या कंपनीच्या नावावर करायची म्हटली तर कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही आणि कंपनी काही शेतकरी धरली जात नाही, परवानगीसाठी कलेक्टर ऑफिसला फेऱ्या. हे कलम भांडवलदारांनी जमिनी गिळू नयेत म्हणून आहे आणि ते राहिलंच पाहिजे, माझं त्यावर दुमत नाही. पण ज्या कंपनीत फक्त त्याच सातबाऱ्यावरचे वारस आहेत, शेअर बाहेर विकता येत नाहीत आणि जमीन दुसऱ्या कामाला लावता येत नाही, तिला शेतकरी मानायला काय हरकत आहे? फ्रान्सची नक्कल नको, पण एवढं तरी करता येईल.

नाशिकमध्ये जी वायनरी सगळ्यात मोठी झाली त्या सुलाचं 1999 मध्ये सुरू झालेलं काम पण घरच्याच जमिनीवरचं होतं, 2022 च्या डिसेंबरात ती शेअर बाजारात आली. यॉर्क ही तशी घरगुती वायनरी, ती 2021 मध्ये सुलाकडेच गेली. यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण लहान घरगुती वायनऱ्या आणि बागा दुसऱ्या पिढीच्या तोंडाशी एकेक करून मोठ्यांकडे किंवा बिल्डरकडे जायला लागल्या तर तुमच्या पुरवणीत पिढ्यानपिढ्यांचे फोटो छापायला फ्रान्सलाच जावं लागेल.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी वाइन टुरिझमवर पान काढाल तेव्हा टेस्टिंग रूममधल्या पाहुण्यांबरोबर महसूल खात्यातल्या कुणाशी तरी बोला, वर जी कौटुंबिक कंपनीची सोय लिहिलीय त्यावर शासनाचं म्हणणं काय ते विचारून छापा. माझ्या भावालाही ते वाचायचंय, तो पण विकायला तयार नाही, फक्त त्याला त्याचा वाटा कागदावर दिसायला हवा.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक