एकतीस थेंब

वाघोली, रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय मंजे,

दिवाळीपासून तुझे तीन फोन बुडवले आणि एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, ह्यांचा खांदा तसाच. झालं.

पत्राचं कारण असं, की होळीला आईचं पुरण शिजलं नाही.

दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, बरं मग? तू मात्र हातातलं काम टाकून खाली बसशील. टी.वाय.ला असताना वाड्यात अकरा पोळ्या हाणून वर "आई, नुसतं पुरण उरलंय का हो थोडं?" विचारणारी तूच ना!

डाळ रात्रीच भिजत घातली होती. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, दाणा तस्सा. पुन्हा चार. मग सोडा घातला, तर डाळ तांबूस झाली, वरवर गळली आणि आत कणी तशीच. आई पुरणयंत्राचा दांडा फिरवतेय, खाली काही उतरत नाहीये, आणि बाहेर ह्यांच्याकडची नऊ माणसं पानांवर बसायची खोळंबलेली. मी दारात उभी राहून म्हटलं, "राहू दे आई, आता नाही होत तुझ्याच्यानं. विकतच्या आणते."

आणल्या. सगळ्यांनी छान छान म्हणून खाल्ल्या. आईने अर्धी खाल्ली, यंत्र घासून पुसलं आणि मला म्हणाली, "माळ्यावर टाकून दे."

त्यानंतर महिनाभर ती ओट्यापाशी गेली नाही. माझ्या हातची आमटी निमूट खायची. नावंसुद्धा ठेवायची नाही, यावरून काय ते समज.

आता तू म्हणणार, पाणी. म्हण, मोठ्याने म्हण. २०१६ साली आम्ही सगळे इथल्या बाल्कनीतून टेकड्या बघत होतो आणि तू बाथरूममध्ये नळाखाली साबण चोळत बसली होतीस. "वंदे, बोअरचं आहे गं हे, फेस धरत नाही." त्यावर मी म्हटलं होतं, जांभ्या दगडावर बसून पुण्याचं पाणी शिकवू नकोस. वर्षभर बोललो नाही आपण. नळाने तुझ्या वतीने सगळं वसूल केलंय. गीझरची कॉइल दोनदा बदलली. काढलेली कॉइल चुन्यात बुडवून वाळवल्यासारखी दिसत होती. शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येतं, तेही तिरकं. ह्यांची बनियनं राखाडी झाली आहेत आणि टॉवेल घोंगडीसारखे. लिफ्टमध्ये कोणी कोणाची ख्यालीखुशाली विचारत नाही, फक्त केस किती गळतात ते विचारतात. आईचा तो पितळी तांब्या आठवतो? त्याच्यावर पांढरे ओघळ बसलेत. चिंचेने निघतात, दुसऱ्या दिवशी हजर.

वाघोली २०२१ साली शहरात आली खरी, पण आमची टाकी बोअर आणि टँकरच्या मिसळीवरच भरते. सोसायटीने पाणी मऊ करायचा सॉफ्टनर बसवला होता. त्याच्या रेझिनला ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. मिठाच्या गोणींचा खर्च कोणी द्यायचा यावरून सभेत अशी जुंपली की सॉफ्टनर बंद पडला. भांडण मात्र चालू आहे.

आणि गंमत ऐक. आपल्या वर्गातला दगड्या खिशातून निळेशार खडे काढून दाखवायचा ना, कॅव्हन्साइट? ते इथल्याच खाणींतले. जगभरचे खनिजं जमवणारे लोक वाघोलीच्या नावाने उसासे टाकतात. इथल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कॅल्साइट बसलंय, झिओलाइट बसलेत. झिओलाइट, मंजे! ज्याने पाणी मऊ होतं म्हणून आपण परम्युटिटची पद्धत घोकली तोच. घरच्या घरी उपाय, म्हणून मी हुरळले होते. पण इथले बहुतेक आधीच कॅल्शियम खाऊन पोट भरून बसलेले. पाणी मऊ करायला सोडियमवाले लागतात. माझं रसायनशास्त्र पस्तीस वर्षांनी असं उपयोगी पडलं.

पुस्तकात 'दुष्फेन' म्हणायचे बघ ह्या फेस न धरणाऱ्या, जड पाण्याला. तेव्हा आपण त्या शब्दावरून शेजारच्या बाकाला चिडवायचो. आता माझ्या घरात तो दिवसाला चार बादल्या येतो.

डाळीचंही तेच. पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशी चिकटवणाऱ्या पेक्टिनला धरून ठेवतं, दाणा घट्ट राहतो. मला हे माहीत होतं. पेपरात लिहून मार्क घेतले होते. आणि दारात उभी राहून मी आईला काय म्हटलं?

तू विचारशील, घरात आरओ आहे ना? आहे. पण एक लोटा गाळताना दोन-तीन लोटे मोरीत सोडतो ते आईला बघवत नाही. "प्यायचं पाणी डाळीत कशाला?" म्हणून ती नळाचंच घेते, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं आणि एक होळी लागली.

मग मी पाण्याचा जडपणा मोजायचं किट मागवलं. आपलंच टायट्रेशन, फक्त ब्युरेटच्या जागी ड्रॉपर: लालचं निळं होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला पंचवीस मिलिग्रॅम जडपणा. आमच्या नळाचं पाणी लालचुटुक झालं आणि निळं काही होईना. एकतीस थेंब लागले. पंचवीस एकतीस, कर गुणाकार. ७७५. पिण्याच्या पाण्याला मानकात २०० पर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. मी तीनदा मोजलं, तिन्ही वेळा एकतीस, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पाणी वाईट निघाल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल.

कारण वर्षभर मला दुसरीच भीती आहे. आई परवाचं विसरते. गॅस चालू ठेवते. मावशीला दोनदा फोन करून तेच सांगते. पाण्यावर ढकलता आलं तर मला सगळं पाण्यावरच ढकलायचं होतं.

म्हणून गेल्या रविवारी गाडीत दोन कॅन टाकले आणि शनिवार पेठेत कुमुदमावशीकडून नळाचं पाणी भरून आणलं. धरणाचं पाणी. तीन थेंबांत निळं! माळ्यावरून यंत्र काढलं आणि आईला म्हटलं, माझ्यासाठी एकदा कर. कुरकुरली, पण पदर खोचला. तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. यंत्रातून पुरण असं सळसळत उतरलं की मला रडू आलं.

आई म्हणाली, "पाण्याचं मला ठाऊक होतं गं. पानशेत फुटलं तेव्हा मी चौदाची. नळ बंद, वाड्यातल्या विहिरीचं पाणी वापरायचो. तूरडाळ शिजायची नाही, म्हणून आई मुगाचीच खिचडी टाकायची."

मी म्हटलं, मग होळीला बोलली का नाहीस?

"तू म्हणालीस ना, होत नाही तुझ्याच्यानं. म्हटलं, असेलही."

मंजे, काय करू मी ह्या वाक्याचं?

आणि अजून एक सांगायचंय. पुरण सुरेख झालं होतं, पण त्यात जायफळ नव्हतं. आईच्या पुरणात जायफळ नाही! मी काही बोलले नाही, ह्यांना डोळ्यांनी दटावलं. आता जायफळ पाण्यावर कसं ढकलू?

डॉक्टरकडे न्यायचं ते मी टाळतेय. तू ये. सुट्टी लागली की चार दिवस ये, आईशी पत्ते खेळ, तिच्याकडून काहीतरी शिकून घेतल्याचं नाटक कर आणि मग मला सांग. आपण प्रॅक्टिकलला वहीतलं उत्तर आधी बघून रीडिंग मागून बसवायचो, तसं नको. जेवढे थेंब तेवढे सांग.

तुझी एच.ओ.डी.ची भानगड मिटली का? पोराला जर्मनीत खोली मिळाली का? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? सगळं लिही, मी वाचते नीट, उत्तर देत नाही एवढंच.

येताना आमसुलं आण, आणि जायफळ आण तुमच्याकडचं. आईच्या हातात दे, माझ्या नको.

तुझी,
वंदी

ता.क. अकरा नव्हे, दहाच पोळ्या, असं तू म्हणशील. आईला विचारलं. ती म्हणाली, अकरा. हे तिला पक्कं आठवतंय.