स्प्लिटरच्या पाकिटावर खरे ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमध्ये मी घरोघरी इंटरनेटच्या केबल ओढतो, जॅक बसवतो. ‘नेट मध्येच जाते’ अशी तक्रार आली की टीव्हीच्या मागे बरेचदा एकच वस्तू सापडते: एका केबलच्या दोन करून देणारा छोटा स्प्लिटर. इंदिरानगरमधल्या एका घरात सासूबाईंनी टीव्ही लावला की सुनेच्या ऑफिसची मीटिंग तुटायची. बिचारीला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. कंपनीच्या माणसाने राउटर बदलून दिला, तरी दुखणे तिथेच. स्प्लिटरच्या पाकिटावर मात्र ठसठशीत छापलेले होते, ‘दोन उपकरणे एकाच वेळी’.

हे धादांत खोटे आहे. लँडलाइनला पॅरलल फोन जोडता यायचा, केबल टीव्हीची वायर दोन टीव्हींना वाटता येते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. इथे तसे होत नाही. या स्प्लिटरमध्ये आठही तारा नुसत्या दोन्हीकडे जोडलेल्या असतात. दोन्ही यंत्रे तारांच्या एकाच जोडीवर बोलू लागली की राउटरला कोणाचेच धड कळत नाही. एक बंद ठेवले तरच दुसरे चालते.

दुसरा एक प्रकार जोडीनेच विकतात, एक राउटरकडे आणि एक खोलीत. तो चालतो, पण राउटरची दोन पोर्ट अडवतो. शिवाय १०० एमबीपीएसला (हे नेटच्या वेगाचे माप) तारांच्या चारपैकी दोनच जोड्या, म्हणजे १, २, ३ आणि ६ या पिना लागतात. उरलेल्या दोन जोड्यांवर तो दुसरे यंत्र चालवतो. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही जोड्या हव्यात. म्हणजे ३०० चा प्लॅन घेऊन हा लावला, तर प्रत्येक यंत्राला १०० च्या आतच मिळणार. ग्राहक वर्षभर पैसे भरतो आणि त्याला कोणी हे सांगत नाही, याचा मला राग येतो.

घरी तपासणे सोपे आहे. स्प्लिटर (जोडीचा असेल तर दोन्ही टोकांचे) काढून केबल थेट लॅपटॉपला लावा आणि नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. १००० दिसले तर दोष स्प्लिटरचा. तरीही १०० च दिसले, आणि लॅपटॉप व राउटरचे पोर्ट गिगाबिट असेल, तर टोकाचे क्रिंपिंग, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवणे, पुन्हा करून घ्या. ४-५ किंवा ७-८ यांतली एखादी तार सुटलेली असते. एका केबलवर दोन-तीन यंत्रे हवी असतील तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच घ्यावा (विजेचे बटण नव्हे, एका केबलवर अनेक यंत्रे चालवणारा छोटा डबा). त्याला विजेचा पॉइंट लागतो, एवढीच अडचण. तो राउटरमधून निघणाऱ्या केबलला लावायचा, फायबरच्या डब्याला थेट नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. या पाकिटांवरील दावे तिच्याखाली तपासावेत. ‘एका वेळी एकच यंत्र’ किंवा ‘जोडीने वापरा, कमाल १०० एमबीपीएस’ हे मराठीत, मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. दुकानदारांनाही विनंती, की गिऱ्हाइकाला आधी प्लॅन कितीचा आहे ते विचारा आणि मगच माल काढा.

– एक नेटवर्क वायरमन, नाशिक