बेशुद्ध माणसाचा अंगठा घेऊ नका, न्यायालयाचा आदेश घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला कर्ता माणूस पक्षाघाताने किंवा अपघाताने बेशुद्ध झाला की चार दिवसांत रुग्णालयाच्या बिलापाशी गाडी अडते. मग कोणीतरी स्टँप पेपरवर मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) टाइप करून आणतो आणि निपचित माणसाचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबून कागदावर उठवला जातो. इंदूरच्या अनेक कुटुंबांना यात काही गैर वाटत नाही. पण करार कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कागद करताना माणसाला समज हवी. शुद्धीत असताना दिलेले मुखत्यारपत्रही देणाऱ्याची समज गेल्यावर कलम 201 प्रमाणे संपते. अशा कागदावर झालेली रजिस्ट्री पुढे भावंडांच्या दाव्यात उलटते, आणि प्रामाणिक मुलावरही फसवणुकीचा ठपका येतो.

बँकेतही नॉमिनी उपयोगी पडत नाही. त्याचा हक्क मृत्यूनंतरचा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहिलेला चालवू शकेल असे) बचत खाते दुसरा खातेदार चालवू शकतो, पण तशाच एफडीची मुदतपूर्व मोडणी दोघांच्या सह्यांवाचून होत नाही, आधी तशी लेखी सूचना दिली नसेल तर.

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती वाट बंद झाली. त्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी फक्त उपचारांपुरता. कोमातल्या रुग्णासाठी त्यामुळे उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या इंदूर खंडपीठात, राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली पालक (रुग्णाच्या वतीने व्यवहार पाहणारा) नेमण्यासाठी याचिका करावी लागते. मध्यमवर्गीय घराला हा खर्च जड जातो. हा अधिकार जिल्हा न्यायालयाला परत मिळायला हवा, असे आमचे ठाम मत आहे.

याचिकेचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. सोबत अंतरिम अर्ज द्या आणि मागणी नेमकी ठेवा: अमुक खात्यातून रुग्णालयाचे बिल, औषधे, परिचारिका, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा प्रीमियम एवढेच. मोघम 'सर्व अधिकार' मागितले की न्यायालय सावध होते आणि तारखा पडतात. 'रुग्ण शुद्धीवर नाही' एवढाच दाखला पुरत नाही. केव्हापासून, जीसीएस (शुद्धीची पातळी मोजणारे ग्लासगो कोमा स्केल) 15 पैकी किती, सुधारणेची शक्यता काय, हे न्यूरॉलॉजिस्टकडून लिहून घ्या. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये घालून दिलेल्या निकषांत न्यूरॉलॉजिस्ट असलेले वैद्यकीय मंडळ, तहसीलदाराहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याची घरभेट आणि पालकाने दर सहा महिन्यांनी द्यायचा अहवाल आहे. ती तयारी आधीच ठेवावी. बिलाची प्रत्येक पावती जपा.

एखादा नातेवाईक घर विकायला निघाला असेल, तर वादमित्र (रुग्णाच्या वतीने दावा चालवणारा) दिवाणी दावा लावू शकतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 32, नियम 15) आणि आदेश 39 खाली तात्पुरता मनाई हुकूम मागू शकतो. भाडे परस्पर खाल्ले जात असेल तर आदेश 40 खाली रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस) मागावा. त्याच दिवशी उपनिबंधकाला वैद्यकीय दाखल्यासह लेखी हरकत द्या. कागद करणारा समजशक्ती नसलेला दिसल्यास नोंदणी नाकारणे नोंदणी कायद्याच्या कलम 35 प्रमाणे उपनिबंधकाचे कर्तव्य आहे.

पुण्यात फ्लॅट असेल तर त्याचा तपशील, गावाकडे जमीन असेल तर तिचा सातबारा आणि गट क्रमांक याचिकेतच लिहा. आदेशात नाव नसलेल्या मिळकतीसाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आपले,
दिवाणी वकिली करणारे काही वाचक, इंदूर