पोटरी चोळू नका

मँचेस्टर, रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तू म्हणालीस, "तेल कोमट करून पोटरी चांगली चोळ." मी नुसतं हो हो केलं, चोळली मात्र नाही. तेच बरं झालं, कारण पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली, आणि चोळून तिचा तुकडा सुटायची भीती असते. पुढच्या महिन्यात मिरजेला बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून सगळं लिहून कळवतोय. फोनवर तू अर्ध्यातच रडायला लागतेस.

बर्फावर घसरून घोटा मोडला, ते तुला ठाऊकच आहे. तीन आठवडे पाय बुटात जखडलेला. मग पोटरी दुखायला लागली. मला वाटलं गोळा आला असेल. पण गोळा येतो नि जातो, हे दुखणं जागचं हलेना. नर्सनं शिंप्यासारखी टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी साडेतीन सेंटिमीटरनं जाड! लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत यंत्र दाबत दाबत बाई खाली आली. चांगली शीर दाबली की पडद्यावरचा काळा गोल चपटा होऊन मिटतो. शेजारची धमनी मात्र टुकटुक उडत राहते. वरच्या सगळ्या शिरा मिटल्या. मग मला खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवलं, म्हणजे पोटरीच्या शिरांत रक्त उतरतं. तिथं एक गोल मिटेना. तिनं तीनदा दाबून पाहिलं. ती काही बोलली नव्हती, पण मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, पोटरीतली गुठळी मांडीतल्या गुठळीइतकी धोक्याची नसते. लहान असती तर गोळ्या न देता दोन आठवडे पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करून ती वर चढतेय का एवढंच पाहिलं असतं. वर गेली तर तुकडा सुटून फुप्फुसात अडकायची भीती जास्त. माझी होती सात सेंटिमीटर लांब, आणि पाय अजून बांधलेलाच. म्हणून रिव्हरॉक्साबॅन नावाची गुठळीवरची गोळी सुरू केली: 21 दिवस 15 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, नंतर 20 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, एकूण तीन महिने. गोळी भरल्या पोटीच घ्यायची, नाहीतर अंगी नीट लागत नाही. तेव्हा संकष्ट्या तीन महिने बंद. बाप्पा समजून घेईल, तू पण घे.

रक्त पातळ होतं म्हणतात, तसं काही होत नाही. गोळी गुठळी वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर आपलं आपण करतं. मावशीला हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफरिन ही गुठळीवरची दुसरी गोळी होती, म्हणून पालेभाजीचं मोजमाप आणि सारखी रक्ततपासणी. मला तसलं काही नाही, पालक खुशाल खातोय. फक्त दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, आणि आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीला हात लावायचा नाही.

आता बाबांचं. ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं देतील, ती एकही चुकवू नका. डॉक्टर उठा म्हणतील त्या दिवशी उठवा, कितीही कुरकुर केली तरी. पोटरी सुजली, दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनही नको, थेट दवाखाना गाठा. आणि तो मालीशवाला! बाबा त्याला तुझ्या नकळत बोलावतील, मी ओळखतो त्यांना. त्याला आधीच सांगून ठेव, तीन महिने आमच्या दारात यायचं नाही म्हणून.

तुझा,
बाळू