बोनेटखाली खारं पाणी मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा तोंडावर आला की आमच्या दर्यापूर तालुक्यात वॉशिंग सेंटरवर गाड्यांची रांग लागते. पोळ्याला बैल शिंगापासून खुरापर्यंत धुतात तशी दसऱ्याला गाडी धुवायची, त्यात वावगं काही नाही. पण हल्ली बोनेट उघडून इंजिनवरही प्रेशरची गन फिरवतात. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. पूजेच्या दुसऱ्या दिवशी दुकानापुढे कोणत्या गाड्या येणार ते मला आधीच कळलेलं असतं. "भाऊ, काल तं चांगली होती, आज झटके मारून रायली." धुतली होती का विचारलं की उत्तर ठरलेलं, "हो ना, इंजिन पण धुऊन घेतलं." माझं पोट अशाच कामांवर चालतं, तरी लिहितो आहे.

अशा पेट्रोल गाडीची, प्लगला ठिणगीचा करंट देणारी कॉइल उपसली की खाली प्लगच्या खोबणीत पाणी साचलेलं दिसतं. फडकं घालून ते टिपलं, हवा मारून वाळवलं की बऱ्याचदा मिसिंग, म्हणजे ते झटके मारणं, जातं. मालक मात्र तशीच रेटत राहिला, तर गाडी माझ्याकडे येईतोवर पाणी आटलेलं असतं आणि प्लगच्या चिनी मातीभोवती मिठाची पांढरी कडा धरलेली असते.

अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. इथलं बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, प्यायला चालत नाही, वॉशिंग सेंटरला तेवढं चालतं. पत्र्यावर पडलं तर पुसून घेता येतं. वायरी जोडायच्या सॉकेटच्या आत गेलेलं कोण पुसणार? पाणी उडून जातं, मीठ तिथंच बसतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि पिना हिरव्या पडायला लागतात. सेन्सर बहुतेक 5 व्होल्टवर चालतात. पिनेवर जरासा थर बसला तरी गाडीच्या कॉम्प्युटरला चुकीचा आकडा जातो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. हा बिघाड धुतल्याच्या दिवशी दिसतोच असं नाही. महिन्यांनी उगवतो, मग धुण्याशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. सेन्सर बदला, वायरिंग बदला, असं सुरू होतं.

"सॉकेट वॉटरप्रूफ असतात ना?" असं पोरं विचारतात. असतात. पण पाणी-धूळ किती रोखतं ते सांगणारा आयपी67 हा शेरा 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडण्यापुरता आहे. वीतभरावरून मारलेली गनची धार ही वेगळीच परीक्षा, त्यात तो सॉकेट पास झाला असं या शेऱ्यावरून ठरत नाही.

इंजिन घरच्या अंगणातही साफ होतं आणि त्याला बादलीभरसुद्धा पाणी लागत नाही. गाडी सावलीत लावून पुरती थंड होऊ द्या. बॉनेटवर नव्हे, आत हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका. चावी काढलेली असली तरी काही गाड्यांचा पंखा आपोआप फिरतो, म्हणून बॅटरी सोडवणं बरं. 10 नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह सोडवा. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी तिथंच उडते. जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह. टर्मिनलवर पांढरी-निळी पूड आली असेल तर खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा, ओल्या फडक्यानं पुसा, वाळलं की व्हॅसलिनचा हात फिरवा. त्या वेळी तोंडात बिडी नको, बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

बाकी धूळ पेंटच्या मऊ ब्रशनं झाडायची. तेलकट जागी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळायचं, पुसायचं, मग नुसत्या ओल्या फडक्यानं पुन्हा एकदा. फ्यूज बॉक्स, अल्टरनेटर आणि हवेच्या पाइपाचं तोंड आधी पॉलिथिननं झाका. काम झालं की ते पॉलिथिन आठवणीनं काढा, नाहीतर वितळून चिकटतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही.

पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुलिंबाचा पाला अडकतो, तोही काढा. पाणी जायचं भोक तिथंच तुंबतं आणि पावसाळ्यात पाणी पायाशी उतरतं. कापसाच्या जिनिंगच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर रुईचा अक्षरशः नमदा बसतो आणि गाडी गरम होते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा इंजिनच्या बाजूनं बाहेर मारा, थोड्या अंतरावरून. समोरून मारली तर रुई आणखी आत जाते, जवळून मारली तर नाजूक पत्र्या वाकतात.

उंदराचं घरटं सापडलं तर मात्र हवा मारायची नाही. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर उबेला बोनेटखाली येतात. कापूस, कुटार, चिंध्या, सगळं गोळा करतात, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ ते पेटायला वेळ लागत नाही. उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो. हातात मोजे, नाकाला रुमाल, घरटं फिनाइलच्या पाण्यानं ओलं करून उचलायचं आणि मग वायरी कुरतडल्या का ते बघायचं.

डिझेलनं इंजिन पुसायची खोड अजून गेलेली नाही. चकाकतं छान, पण रबरी पाइप आणि पट्टे फुगतात, आणि भारतीय मानकात डिझेलची वाफ पेट घेण्याचं तापमान किमान 35 अंश एवढंच धरलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या घरात असतो. पेट्रोलचं तर नावच नको.

वॉशिंग सेंटरवाले माझे ओळखीचेच आहेत, त्यांचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही. बोनेट उघडण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, एवढंच म्हणणं आहे. तो ऐकतच नसेल तर गन बाजूला ठेवून ओल्या फडक्यानं पुसून द्या आणि त्यासाठी नळाच्या गोड्या पाण्याचा एक ड्रम वेगळा भरून ठेवा.

आपला वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
ता. दर्यापूर, जि. अमरावती