पडद्यावरचे मिग-२१ आणि खरेपणाची कसोटी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भारतीय हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला. त्यानंतर मराठी वृत्तपत्रांतून या विमानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि आपल्या पुरवणीतही काही चांगले लेख वाचायला मिळाले. त्यांपैकी एकात असे म्हटले होते की, मिग आकाशातून गेले तरी घरच्या संगणकावर ते आजही हुबेहूब उडवता येते. या विमानाचे सांगाडे ओझरच्या कारखान्यात आणि इंजिने ओडिशातील कोरापुट येथे बनत असत, त्यामुळे आम्हा नाशिककरांना मिगविषयी थोडा अधिक जिव्हाळा आहे आणि ते विधान वाचून आनंदही झाला. पण ते जितक्या सहजपणे केले गेले तितके सरळ नाही. लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रणालीचा, छंद असणारा एक वाचक म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

सिम्युलेटर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ते चित्र: कॉकपिटमधल्या झिजलेल्या कळा, ढगांच्या कडा, पंखावर सरकणारे ऊन. ही कारागिरी कौतुकास्पद आहेच, पण विमान खरे वाटण्याशी तिचा संबंध फार थोडा आहे. खरेपणा ठरतो दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे विमानावर क्षणोक्षणी काम करणाऱ्या बलांचे गणित, ज्याला या क्षेत्रात फ्लाइट मॉडेल म्हणतात. आणि दुसरी म्हणजे ते गणित ज्या पडद्यातून आपल्यापर्यंत पोहोचते त्या पडद्याची मांडणी. पहिलीविषयी छंदी लोक तावातावाने वाद घालतात आणि दुसरीकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. माझे म्हणणे असे आहे की, या दोहोंची परीक्षा वेगवेगळी करताच येत नाही आणि फ्लाइट मॉडेलविषयीच्या कितीतरी तक्रारी वास्तविक पडद्याच्या असतात.

आधी गणिताकडे पाहू. सरळ, समपातळीत, मध्यम वेगाने चाललेले विमान कोणताही बरा सिम्युलेटर नीट दाखवतो. पारख होते ती उड्डाणाच्या कडांवर, म्हणजे विमान आपल्या क्षमतेच्या मर्यादेजवळ असताना. मिग-२१चेच उदाहरण घ्यावे. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ची 'बिस' ही आवृत्ती २०१४ पासून उपलब्ध आहे. या विमानाचा त्रिकोणी पंख जेमतेम ७.१५ मीटर विस्ताराचा, पातळ आणि वेगासाठी घडवलेला. अशा पंखाचे वैशिष्ट्य असे की, नाक वर उचलत नेले तरी सरळ पंखाच्या विमानाप्रमाणे तो एका क्षणी झटक्यात उचल (विमानाला वर धरणारे बल) सोडत नाही. त्याच्या पुढच्या कडेवरून निघणारे भोवरे उचल टिकवून धरतात, पण त्या बदल्यात हवेचा अवरोध भराभर वाढत जातो. वैमानिकाला वाटते की विमान अजून हातात आहे, आणि प्रत्यक्षात वेग गळत असतो व विमान खाली बसत असते. उतरण्यासाठी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीकडे येणाऱ्या या विमानात वेग थोडा जरी जास्त उतरला, तरी तेवढ्याच उंचीवर राहण्यासाठी इंजिनाचा पूर्वीपेक्षा अधिक रेटा लागतो. आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पुढे सारल्यावर जुन्या जेट इंजिनाला फेरे वाढवायला काही सेकंद लागतात.

याच्या जोडीला 'बिस'मध्ये आणखी एक खुबी आहे. तिच्या फ्लॅपवर, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवर, इंजिनातून काढलेली दाबाखालची हवा सोडली जाते, जेणेकरून हवेचा प्रवाह फ्लॅपला चिकटून राहावा आणि कमी वेगातही उचल मिळावी. साहजिकच चाके टेकण्यापूर्वी थ्रॉटल एकदम मागे ओढला तर केवळ रेटाच नव्हे, तर ही हवाही कमी होते आणि विमान धप्पकन बसते. चांगल्या फ्लाइट मॉडेलमध्ये ही साखळी पुरी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल आणि मिग एखाद्या प्रशिक्षण विमानासारखे तरंगत उतरत असेल, तर कॉकपिट कितीही देखणे असो, ते मिग नव्हे.

आता हे गणित येते कोठून? बहुतेक सिम्युलेटर पवनबोगद्यातील चाचण्या, उड्डाण-पुस्तिका आणि मोजमापे यांवरून तयार केलेले तक्ते वापरतात; पंखाचा हवेशी होणारा कोन अमुक आणि वेग तमुक असेल तर उचल किती आणि अवरोध किती, हे त्या तक्त्यांतून काढले जाते. एक्स-प्लेनसारखा सिम्युलेटर पंखाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावरील बल स्वतंत्रपणे मोजतो. पद्धत कोणतीही असो, मूळ माहिती जितकी पक्की तितके विमान खरे. एफ-१६ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या बाबतीत नासाने १९७९ साली सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, ज्यात मोठ्या कोनांवर हे विमान कसे वागते याची आकडेवारी आहे आणि आजही अनेकजण तिचा आधार घेतात. मिग-२१ जुने आणि पुष्कळ देशांनी वापरलेले असल्यामुळे त्याच्या पुस्तिकाही अभ्यासकांच्या हाती आहेत. याउलट सुखोई-३०एमकेआय किंवा तेजस यांची अशी आकडेवारी गोपनीय आहे आणि ती तशीच असायला हवी. शिवाय या विमानांत वैमानिकाच्या हातातील काठी आणि विमान वळवणारी हलती नियंत्रण-पृष्ठे यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. वैमानिकाला जाणवणारा विमानाचा स्वभाव हा बऱ्याच अंशी त्या संगणकातील नियमांचा स्वभाव असतो आणि तो कोणी बाहेरच्याला उघड करून देत नाही. तेव्हा एखाद्या खेळातील 'तेजस' दिसायला कितीही जमलेले असले, तरी त्याचे उडणे हा अंदाज आहे हे वाचकांना सांगितले गेले पाहिजे. सगळ्या सिम्युलेटरना एकाच मापाने खरे किंवा खोटे ठरवणे योग्य नाही. एकाच सिम्युलेटरमधील दोन विमानांतही फार अंतर असू शकते.

मात्र ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले तो पडद्याचा आहे. खरा वैमानिक विमानाची हालचाल डोळ्यांनी पाहतो, तशीच ती आसनातून, पट्ट्यांच्या ताणातून आणि कानांतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियातूनही ओळखतो. घरच्या खुर्चीत हे सर्व बंद असते. विमानाने जे काही सांगायचे ते डोळ्यांनाच सांगायचे असते. अशा वेळी डोळ्यांसमोरची भूमितीच चुकली, तर अचूक गणितही खोटे वाटू लागते.

सत्तावीस इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो डोळ्यांपासून तितक्याच अंतरावर ठेवला, तर त्या चौकटीतून प्रत्यक्षात दिसू शकणारा कोन साधारण ५३ अंश भरतो. म्हणजे पडद्याला खिडकी मानले, तर सिम्युलेटरने त्या खिडकीतून ५३ अंशांचेच जग दाखवले पाहिजे. परंतु आजूबाजूचे अधिक दिसावे म्हणून बहुतेकजण हा कोन ८० किंवा ९० अंशांवर ठेवतात. परिणामी समोरची प्रत्येक वस्तू आहे त्याहून लहान, आणि म्हणून दूर वाटते, तर कडेची जमीन ताणली जाऊन वाजवीपेक्षा वेगाने धावते. धावपट्टी दूर वाटल्यामुळे चालक नाक उशिरा उचलतो, चाके आदळतात आणि मग तो म्हणतो की, या विमानाचे फ्लाइट मॉडेल दगडासारखे आहे. कोन ५३ अंशांच्या जवळ आणून आणि आसन किंचित उंच करून तेच विमान तोच माणूस पुन्हा उतरवील, तर पुष्कळदा त्याची तक्रार उरत नाही.

दूरचे विमान दिसण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. मिग-२१ हे समोरून येताना दिसायला फार लहान विमान म्हणून नावाजलेले होते. तीन किलोमीटर अंतरावर त्याच्या पंखांचा विस्तार डोळ्याशी साधारण आठ कोनमिनिटांचा (कोनमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतो. निरोगी डोळा एका कोनमिनिटाचा तपशील ओळखू शकतो, म्हणजे स्वच्छ हवेत ते विमान दिसायला हरकत नाही. आता हेच दृश्य १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर ९० अंशांत बसवले, की त्या विमानाच्या वाट्याला दोन-अडीच पिक्सेल येतात. कोन ५३ अंश केला तर साडेचार, आणि त्याच आकाराचा पण दुप्पट पिक्सेल रुंदीचा फोर-के पडदा घेतला तर नऊ. डोळ्याच्या क्षमतेची बरोबरी होते ती इथे येऊन. म्हणून चित्र जवळ आणण्याची कळ दाबणाऱ्याला फसवणूक करणारा म्हणू नये. पडद्याने हिरावलेली दृष्टी तो काही क्षण परत घेत असतो. फाल्कन बीएमएस या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये दूरची विमाने मुद्दाम थोडी मोठी काढण्याची सोय आहे. ती कागदोपत्री खोटी आहे, पण हवाई लढाईत वैमानिकाला जे दिसायला हवे ते दाखवण्याच्या दृष्टीने ती अधिक प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. उलट डीसीएसमध्ये एक काळ असा होता की, कमी रिझोल्यूशनच्या पडद्यावर दूरच्या विमानाचा ठिपका मोठा दिसे, आणि महागडा मॉनिटर घेतलेला माणूस ऑनलाइन लढतीत आधी पाडला जाई. पुढे त्यात सुधारणा झाली. मात्र ज्या लढाईत आधी पाहणाराच बहुधा जिंकतो, तिथे असा ठिपका हा भौतिकीइतकाच महत्त्वाचा विषय आहे हे त्यातून दिसले.

तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावणाऱ्यांनी हे पाहावे की सिम्युलेटर प्रत्येक पडद्यासाठी त्याच्या तिरकसपणानुसार वेगळे दृश्य काढतो की एकच सपाट चित्र तिन्हींवर ताणतो. दुसऱ्या प्रकारात बाजूच्या पडद्यांवरील विमाने लांबट होतात आणि त्यांच्या अंतराचा अंदाज घेणे निरर्थक ठरते. डोक्याची हालचाल टिपणारी ट्रॅकआयआरसारखी साधने उपयुक्त आहेत, पण त्यांत मान थोडी वळवली की दृश्य अनेक पटींनी वळते, त्यामुळे मागे पाहण्याचे कष्ट, जे लढाऊ वैमानिकाच्या मानेला चांगलेच ठाऊक असतात, तिथे नाहीसे होतात. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटमध्ये भूमितीचा हा घोळ जवळजवळ मिटतो, कारण कोन, खोली आणि मानेची वळणे जशीच्या तशी राहतात. उतरण्याच्या वेळी जमिनीची उंची ओळखण्यात हेडसेटची बरोबरी कोणताही सपाट पडदा करू शकत नाही. त्याची उणीव तपशिलात आहे. क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये दर अंशाला सुमारे २५ पिक्सेल मिळतात आणि निरोगी डोळ्याला हवेत ६०. म्हणजे उतरण्यासाठी हेडसेट आणि दूरचा शत्रू हुडकण्यासाठी चांगला मॉनिटर, अशी आजची विभागणी आहे.

दिवाणखान्यातील मोठ्या टीव्हीविषयी एक सूचना. चित्र गुळगुळीत करण्यासाठी टीव्ही त्यावर जी प्रक्रिया करतो तिच्यामुळे काठी हलवणे आणि चित्र हलणे यांत विलंब येतो. हा विलंब वाढला की चालक विमानाच्या मागे मागे दुरुस्त्या करू लागतो आणि नाक वर-खाली डोलू लागते. दोष पुन्हा विमानाला दिला जातो. टीव्हीचा गेम मोड चालू करणे एवढाच त्यावरील पहिला उपाय आहे. टेबलावरच्या आखूड जॉयस्टिकचेही तसेच: खऱ्या मिगच्या लांब काठीचा मोठा प्रवास तिच्यात काही सेंटिमीटरांत कोंबलेला असतो, तेव्हा तिची संवेदनशीलता सेटिंगमधून सौम्य करणे ही लबाडी नसून गरज आहे.

काही गोष्टी घरी येणारच नाहीत. तीव्र वळणात शरीराचे वजन अनेक पटींनी वाढते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि श्वास रोखून पाय आवळावे लागतात. सिम्युलेटर पडदा काळवंडवून दाखवतो, इतकेच. त्याच्या सरावासाठी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये माणसाला प्रत्यक्ष गरगर फिरवणारे सेंट्रिफ्यूज आहे. खुर्चीत बसून सलग नऊ जीची (शरीराचे वजन नऊपट करणारी) वळणे घेणारा ऑनलाइन योद्धा पाहिला की मला त्याची गंमत वाटते.

चित्रावर विसंबण्याचा आणखी एक परिणाम आपल्या वृत्तपत्र-व्यवसायाशी निगडित आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनच्या आकाशातील खरी चकमक म्हणून जगभर पसरलेली एक चित्रफीत डीसीएसमधली निघाली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक संघर्षात अशा फिती फिरत आल्या आहेत. वृत्तकक्षातील ज्याला विमान वळताना वेग कसा गमावते हे ठाऊक आहे, तो अशी फीत निदान दुसऱ्यांदा तरी पाहील.

आपणांस विनंती एवढीच की, यापुढे सिम्युलेटरविषयी लेख छापताना लेखकाला तीन गोष्टी आवर्जून लिहायला सांगाव्यात: पडद्याची रुंदी किती होती, डोळ्यांपासून तो किती अंतरावर होता आणि दृश्याचा कोन किती अंशांवर ठेवला होता. कित्येक पालक मुलांसाठी ही साधने घेण्यापूर्वी असे लेख वाचतात आणि काही महाविद्यालयेही अशा प्रयोगशाळा उभारण्याचा विचार करतात. विक्रेत्याकडे गेल्यावर त्यांनी ग्राफिक्स पाहण्याआधी विमान धावपट्टीवर उतरवून दाखवायला सांगावे, आणि चाके टेकण्यापूर्वी थ्रॉटल मुद्दाम पूर्ण मागे ओढायला लावावा.

आपला,
एक वाचक, नाशिक